‘सर्व वाढवले’ : नागपूरची एक वही ऱ्हाइनकाठी जाते तेव्हा

जायचं ठरलं ते चार ओळींच्या एका पत्रामुळे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. हिंगण्याच्या रस्त्याला माझी लहानशी फाउंड्री होती. भंगार वितळवायचं, साच्यात ओतायचं, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, वस्तू काढायच्या. दुसऱ्याच्या भट्टीवर कोळसा ओढता ओढता मी मालक झालो होतो, त्यामुळे जर्मनीतल्या एका पंप कंपनीनं पंपाच्या बॉड्या, म्हणजे बाहेरची कवचं, मागवल्या तेव्हा पहिले तीन दिवस मी ते पत्र खिशात घालूनच फिरलो. सीताबर्डीत ओळखीचा माणूस दिसला की पत्र आपोआप खिशाबाहेर यायचं.

पहिला लॉट तयार झाला, लाकडी पेट्यांत भरला, आणि मग दुसरं पत्र आलं. त्याचा अर्थ असा : तुमचं सर्टिफिकेट मिळालं, पण ते आम्ही ओळखत नाही.

हे सर्टिफिकेट काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. माल चांगला आहे असं सांगणारे कागद आमच्याकडे जुने होते. हे नवीन निघालेलं. माल चांगला असं ते म्हणत नाही; माल बनवायची रीत चांगली आहे असं म्हणतं. कोण तपासतो, कुठं लिहितो, खराब निघालं तर त्याचं काय करतो. जे लिहाल ते करा, आणि जे कराल ते लिहा. मुंबईच्या एका संस्थेचे साहेब दोन दिवस येऊन सगळं बघून गेले होते. एका दुपारी हौसेनं सावजी मटण मागितलं आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाले, “ही रीत लेखी आहे का?” महिन्याभरात कागद आला. तो मी फ्रेम करून लावला. आता जर्मन विचारत होते, की तुम्हाला तपासणाऱ्याला कोणी तपासलं?

प्रश्न काही चुकीचा नव्हता. आपल्याकडे लग्नाच्या मुलाची चौकशी करायला जो पाहुणा जातो, त्याची चौकशी आधी होतेच की. मी लिहिलं, मीच येतो, वह्या घेऊन येतो, तुम्हीच बघा. त्यांनी लिहिलं, या.

वह्या म्हणजे खरं तर एकच वही, तपासणीची. ती लिहायचा महादेव पराते. आम्ही दोघं एकाच भट्टीवर मजूर होतो. मी धंदा काढला तेव्हा तो एका शब्दावर माझ्याबरोबर आला आणि तपासणीचा फोरमन झाला. त्याचं घर तांडापेठेतलं, विणकरांचं. वडिलांच्या मागावर पोट भरेना म्हणून तो लोखंडात आला. बॉडी पाण्याच्या दाबावर लावायची, कुठून घाम फुटल्यासारखं पाणी झिरपलं तर नापास, हे त्याचं काम. त्याच्या नजरेतून सुटलेला नग मी कधी पाहिला नाही. सर्टिफिकेटसाठी हे सगळं लिहून ठेवणं भाग पडलं तेव्हा त्यानं लकडगंजातून लाल कापडाच्या पाठीची वही स्वतः आणली. रोज तो त्यात सुवाच्य मराठी लिही, आणि पानाखाली मालकाची सही लागे. महिनाअखेर वही माझ्यापुढं यायची. मी कोणाशी तरी बोलत असायचो, आणि बोलता बोलता पानामागून पानावर सह्या करून मोकळा व्हायचो.

जर्मनांना मराठी वाचता येणार नव्हतं. सीताबर्डीवर टायपिंगचा क्लास चालवणारे तिवारीजी होते, मूळचे जबलपूरकडचे. मराठी वाचायचे फटाफट, बोलायचे मात्र हिंदीच. त्यांनी चार दिवसांत वहीचं इंग्रजी करून सुबक टाइप करून दिलं. मी मूळ वही कपाटात ठेवली आणि इंग्रजी प्रत बॅगेत घातली. वजन वाचलं म्हणून खूश झालो.

स्टेशनवर पोचवायला महादेव आला होता. गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाला, “भाऊ, माही वही तिकडचे लोक वाचतीन काय गा?”

“वाचायलाच तर नेऊन राहिलो.”

“मंग पहिलेच सांगाचं ना. अक्षर अजून बरं काढलं असतं.”

तिकडं टाइप केलेली प्रत जाणार हे मी त्याला सांगितलं नाही. कशाला हिरमोड करायचा?

मुंबईहून फ्रँकफर्टचं विमान. तिकिटाच्या पैशात त्या काळी नवी स्कूटर आली असती, आणि परकीय चलन सरकार मोजून देई, त्यामुळे जर्मन मार्कांची पुडी मी बनियनच्या आतल्या खिशात शिवून घेतली होती. विमानतळावर तपासणाऱ्याचा हात तिथं गेला तेव्हा त्यानं विचारायच्या आत मी चलनाची पावती पुढं केली. जाणाऱ्यांना एक सांगतो : फ्रँकफर्टहून कोलोनला जाताना माइन्झवरून नदीकाठानं जाणारी गाडी धरा आणि उजव्या हाताची खिडकी पकडा. ऱ्हाइन सगळा वेळ तुमच्या बाजूला राहते. डोंगराच्या उतारावर द्राक्षांचे मळे, प्रत्येक वळणावर एखादा किल्ला, आणि पाण्यावर कोळसा नेणाऱ्या लांबलचक सपाट नावा. नावेच्या मागच्या टोकाला खलाशाच्या बायकोनं कपडे वाळत घातलेले. कन्हानच्या पुलावरून नदी बघणाऱ्या माणसाला एवढं पाणी सरळ हाताशी वाहताना बघून थोडा हेवा वाटतोच. मी बरोबरच्या म्हाताऱ्या बाईंना चिवडा दिला. त्यांनी एक शेंगदाणा निवडून खाल्ला, फार विचार केला, आणि दुसरा घेतला.

कंपनीचं गाव कोलोनहून पाऊण तासावर. उतरायची सोय एका बेकरीच्या वरच्या खोलीत होती; सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला. पाव ताजा, इतका कडक की सुरुवातीला हिरडी सोलून निघाली. दुपारी कंपनीच्या कँटीनमध्ये उकडलेले बटाटे आणि तांबडी कोबी. शाकाहारी म्हटलं की ते मटणाचा तुकडा काढून घ्यायचे आणि रस्सा तसाच ठेवायचे. मी काही कडक शाकाहारी नव्हतो, पण मांस कशाचं ते माहीत नसताना कशाला खा, म्हणून बटाट्यांवर जगलो. नोव्हेंबर होता. थंडी अशी की दाढीचं पाणी गालावरच गार व्हायचं. जाड मोजे नागपूरहून नेऊ नका, तिथंच घ्या. आपले मोजे त्या थंडीला हसतात.

ज्या साहेबाशी गाठ होती त्याचं नाव लांग. माणूसही लांबच होता, दारातून येताना मान वाकवायचा. माझं इंग्रजी यंत्रांच्या पुस्तकांतून शिकलेलं आणि त्याचं शाळेतलं, त्यामुळे आम्हा दोघांचं चांगलं जमलं. दोघंही सोपे शब्द वापरायचो. पहिल्या दिवशी त्यानं कारखाना दाखवला. जमीन अशी की त्यावर जेवायला वाढावं. मी म्हटलं, “आमच्या फाउंड्रीत भट्टीशेजारी तुळस आहे.” त्यानं वहीत लिहून घेतलं. बहुधा त्याला ती सुरक्षेची सोय वाटली असावी.

जेवताना त्यानं सरळ सांगितलं. “तुमच्या मुंबईच्या संस्थेला इथं कोणी ओळखत नाही. पण आमच्या तपासणीच्या कार्यालयानं मला अधिकार दिला आहे. मी तुमच्या नोंदींची पाच पानं काढीन, कुठलीही. ती नीट असतील तर तुमचा कागद आम्ही मान्य करू. मग तो हॉलंडमध्ये चालेल, फ्रान्समध्ये चालेल. एकदा ओळख झाली की झाली.”

“आणि नीट नसतील तर?”

“तर तुमच्या पेट्या नागपुरातच राहतील.”

माझ्याकडं साठ माणसं कामाला होती. मी बटाटे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्यानं पानं काढली. पहिली चार झाली. तारीख, ओतकामाचा क्रमांक, नग किती, नापास शून्य. लांग मान हलवत होता. पाचव्या पानावर त्याचं बोट थांबलं. त्यानं प्रत माझ्याकडं वळवली. तिवारीजींनी टाइप केलं होतं : अकरा नग नापास. सर्व वाढवले. खाली महादेवचं नाव. त्याखाली माझं.

हे मी आता मराठीत लिहितोय. तिथं ते इंग्रजीत होतं, आणि तो इंग्रजी शब्द असा होता की त्याचा एकच अर्थ होतो : वाढ केली, भर घातली.

“कशात भर घातली?” लांगनं विचारलं.

मी आणखी पानं उलटली. जिथं जिथं नग नापास, तिथं तिथं तेच. चार नग नापास, सर्व वाढवले. सात नग नापास, सर्व वाढवले. लांग अगदी हळू म्हणाला, “नापास माल चांगल्या मालात मिसळला असा याचा अर्थ होतो. मी चुकत असेन तर सांगा.”

“माझा माणूस असं करणार नाही,” मी म्हटलं.

“पण त्यानं लिहिलं आहे. आणि तुम्ही सही केली आहे. रोज.”

हा ‘रोज’ अजून माझ्या कानात आहे. तिथं मी सरळ म्हणायला हवं होतं, की साहेब, सही माझी आहे पण मी वाचलेलं नाही. तसं म्हटलं असतं तर रीतच खोटी ठरली असती. मालकानं वाचून सही करायची, असं त्या रीतीत आम्हीच लिहिलेलं. मी म्हटलं, फोन करतो.

तिथं सकाळचे अकरा, नागपुरात दुपारचे साडेतीन. फोन लागला. कारकुनानं महादेवला भट्टीवरून बोलावून आणलं. मागं पंख्याचा आवाज, लोखंड आपटल्याचा आवाज, आणि माझाच आवाज अर्ध्या सेकंदानं परत माझ्या कानात. मी ओरडून विचारलं, “महादेव, ते नापास नग तू वाढवले?”

“हो भाऊ,” तो तिकडून ओरडला, “वाढवले ना.”

“सगळे?”

“सगळे! एकही मागं नाही ठेवला. काहून?”

“तूच?”

“मीच तं. अजून कोण करीन? तुमी कसे हाय? थंडी हाय काय?”

मी फोन ठेवला. लांग समोर बसला होता. त्याला मराठी येत नव्हती, पण माझा चेहरा येत होता.

त्या दिवशी मी कसा विचार केला हे मला नीट सांगता येत नाही. इतकंच आठवतं, की मला राग आला, आणि राग आला म्हणून थोडं हलकं वाटलं. चोर सापडला होता, आणि तो मी नव्हतो. माझे कान तिखट, अशी धंद्यात माझी ख्याती. समोरचा भाव वाढवायला निघालाय की उतरवायला, हे मी त्याच्या खाकरण्यावरून ओळखायचो. आणि त्या दिवशी वीस वर्षं जवळून ऐकलेला आवाज मी ऐकला नाही.

तिसऱ्या दिवशी लांगनं एक छापील कागद पुढं केला. दोष काय, कारण काय, उपाय काय. मी लिहिलं : तपासणी फोरमन एम. पराते यांनी नापास नग मालात मिसळले. त्यांना तपासणीवरून दूर केलं आहे. पेट्या उघडून सर्व नग पुन्हा तपासले जातील. सही केली. या वेळी वाचून केली.

आणि लांग खूश झाला! उभा राहिला, हात मिळवला. म्हणाला, “दोष सगळीकडं असतात. पण तुमच्या रीतीनं दोष पकडला, कारण शोधलं, उपाय केला. हीच चांगली रीत. तुमचा कागद आम्ही मान्य करतो.” ज्या कागदासाठी मी आलो होतो तो मला त्या खोट्यामुळे मिळाला. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, एवढंच काय ते.

परतीच्या दिवशी कोलोनला चार तास हाताशी होते. स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच ते प्रचंड चर्च उभं असतं, काळंभोर, रस्ता ओलांडायचीही गरज नाही. जाणाऱ्यांनी जरूर बघावं. पायऱ्या चढून वर जाता येतं, गुडघे धड असतील तर. मी वर गेलो नाही. मी आधी पोस्टात गेलो आणि फाउंड्रीला इंग्रजीत तार केली : पराते यांना तपासणीवरून त्वरित काढा. नापास नग मिसळले. पेट्या उघडून तपासा. मग चर्चमध्ये जाऊन बसलो. लोक मेणबत्त्या लावत होते. मीही एक लावली, ऑर्डर पक्की झाल्याबद्दल.

मुंबईहून संध्याकाळची गाडी धरली. सकाळी बडनेरा गेलं तेव्हा जाग आली. समोरच्या बाकावर सासूसुना होत्या, नागपुरात कोणाच्या तरी लग्नाला निघालेल्या. सुनेनं बाकाखालून वळकटी ओढली, आणि हाताची एक बांगडी खटकन गेली.

“अवो आई, बांगडी फुटली.”

“फुटली काय म्हणतं वं!” सासू कडाडली. “लग्नाले चाललो आपण. वाढली म्हण!”

“वाढली,” सून म्हणाली, आणि काचेचे तुकडे खिडकीबाहेर टाकले.

मी दोघींकडं बघत राहिलो. सासूला वाटलं असणार, हा बुवा काय एकटक बघतो. तिनं पदर सारखा केला. बांगडी वाढली. दिवा वाढवला. दुकान वाढवलं. नारळ वाढवला. माझ्या आईनं जन्मात कधी नारळ फोडला नाही, वाढवलाच. जे मोडायचं, विझवायचं, बंद करायचं, त्याला आपण मराठी माणसं ‘वाढवणं’ म्हणतो, कारण वाईट शब्द तोंडातून जाऊ नये.

अकरा नग नापास. सर्व वाढवले.

त्यानं ते फोडले होते. घणानं. संध्याकाळच्या आत, सगळे, एकही मागं न ठेवता, म्हणजे कोणी चुकूनही चांगल्यात मिसळू नये. भट्टीवर तोंडानं तो ‘फुटलं’च म्हणायचा, सगळ्यांसारखं. पण नव्या वहीत, लाल पाठीच्या वहीत, ‘फोडले’ कसं लिहायचं? तिवारीजींनी वाढवणं म्हणजे वाढवणंच धरलं, त्यांचा काय दोष? आणि मी त्याला मराठीत विचारलं होतं. तोच शब्द वापरून. त्यानं खरंच सांगितलं होतं.

पुलगाव, वर्धा. वर्ध्याला गाडी थांबली तेव्हा चहावाला दोनदा विचारून गेला. मी सासूबाईंना विचारलं, “बाई, लोखंडाची वस्तू फोडली तर तुम्ही काय म्हणाल?”

“कशाले फोडता पण?” त्या म्हणाल्या.

स्टेशनवरून रिक्षा करून सरळ फाउंड्रीत. कारकुनानं तार दाखवली. तीन दिवस झाले होते. त्यानं ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली होती, हिंदीत अर्थ सांगून. परदेशातून तार आली म्हणून सगळे गोळा झाले होते. महादेवनं एप्रन काढून खिळ्याला अडकवला होता आणि सायकल घेऊन निघून गेला होता.

मी कपाटातून मूळ वही काढली. पहिल्या पानावर ‘श्री’, त्याखाली हळदकुंकवाचं बोट. बाहेर जाणाऱ्या नगांची नोंद गेटच्या वहीत असते, ती काढली. जुळत होतं, एकेक नग. मागं भंगाराच्या ढिगात अकराही बॉड्या होत्या, दोन दोन तुकड्यांत. तिथं अर्धा तास उकिडवा बसून मी ते तुकडे जुळवत होतो, जणू जुळले तर काही होणार होतं.

तांडापेठेत गेलो तेव्हा महादेव ओट्यावर बसला होता. त्याची बायको गंगूबाई आत सूत भरत होत्या, चरखा थांबला नाही. मी सगळं सांगितलं. बांगडीचंही.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, “तुमी मराठीत विचारलं, मी मराठीत सांगतलं. मंग आपण चुकलो कुठं भाऊ?”

“मी इंग्रजीत ऐकलं रे.”

“गेटची वही पाह्याले काहून नाही सांगतलं फोनवर? एका मिनिटाचं काम होतं.”

मी चपला काढून ओट्याच्या कडेला टेकलो.

आतून गंगूबाई म्हणाल्या, “वीस वर्षं झाले तुमच्यासंगं, भाऊ. शेजारचे पोरं इचारते, काकाजीनं काय चोरलं म्हणून. काय सांगू?”

“उद्यापासून ये,” मी महादेवला म्हटलं. “सगळ्यांसमोर मी सांगतो.”

“ते सांगाच तुमी. पण मी नाही येत.” त्याचा आवाज चढला नव्हता. “माहं एक काम करा. ज्या कागदावर तुमी लिहिलं ना, का परातेनं मिसळवले, त्या कागदावरून माहं नाव काढा. तिथं. जर्मनीत. बस.”

मी हो म्हणालो.

फाउंड्रीत सगळ्यांना गोळा करून मी सांगितलं. कोणी बरं केलं म्हटलं नाही, कोणी वाईट केलं म्हटलं नाही. पेट्या उघडल्या, एकही नग खराब निघाला नाही. जर्मनीला कळवलं : पुन्हा तपासले, माल योग्य आहे. खरंच होतं ते. फक्त पुढचं वाक्य, की परातेनं काही मिसळलंच नव्हतं, ते लिहिलं नाही. लिहायचं म्हणजे कबूल करायचं, की मालक न वाचता सह्या करतो. मग नुकताच मान्य झालेला कागद कोण मान्य ठेवणार? म्हटलं, पहिला कंटेनर जाऊ दे. तो गेला. म्हटलं, दुसरा. मग हॉलंडची ऑर्डर आली. लांग म्हणाला होता तसंच झालं. एकदा ओळख झाली की झाली. महादेव भावाच्या मागावर बसू लागला होता. रस्त्यात भेटला की “कसे हाय भाऊ?” म्हणायचा. पत्राचं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दीड वर्षानं मी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, सहीचंही. पाठवल्यावर महिनाभर धास्तीनं झोप नव्हती. उत्तर आलं, दुसऱ्याच माणसाचं; लांग निवृत्त झाला होता. दोन वाक्यं. आपल्या खुलाशाचा आपल्या प्रमाणपत्राच्या मान्यतेवर काहीही परिणाम होत नाही. तो दोष पूर्वीच निकाली काढलेला असल्यामुळे त्या कागदात आता बदल करता येत नाही.

काहीही परिणाम होत नाही! दीड वर्ष मी ज्याला भ्यालो ते तिथं नव्हतंच.

ते पत्र घेऊन तांडापेठेत गेलो. महादेव मागावर होता. त्यानं धोटा बाजूला ठेवला, पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, परत दिलं.

“काय म्हणते?”

मी सांगितलं. पुन्हा सांगितलं.

“म्हणजे तिथं मी अजून चोरच,” तो म्हणाला. मग आत वळून, “अवो, भाऊले च्या ठेव.”

चहा प्यालो. तो बशीत ओतून प्यायचा, तसाच प्याला. निघताना मी म्हटलं, “अजून एक लिहून बघतो, वरच्या साहेबाला.”

“राहू द्या,” तो म्हणाला. “इंग्रजीत किती लिहान? जमलं तं मराठीत कुठं तरी लिहा. आपल्या लोकायले तरी समजन.”

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. महादेव गेला, गंगूबाईही गेल्या. फाउंड्री मी विकली. मनीषनगरला मुलाकडं राहतो, तो म्हणाला बाबा तुम्ही प्रवासाबद्दल लिहा, लोक वाचतात. नदी, किल्ले, चर्च, सगळं वर आलंच आहे. आता बॅग भरून जाणाऱ्या पोरांना तपासणीचे कागद घेऊन भटकावं लागत नाही. इकडचा शिक्का तिकडं चालतो, तिकडचा इकडं. चांगलंच झालं. मला मात्र मराठीत लिहायचं राहिलं होतं, ते लिहितो.

महादेव पराते, तांडापेठ, नागपूर, यांनी तपासलेल्या मालात एकही नापास नग गेला नाही. वहीतली प्रत्येक नोंद खरी होती. प्रत्येक पानाखालची सही माझी आहे, आणि ती मी न वाचता केली होती.